हौसेचे मोल : अल्बेरूनीचा धडा

'हौसेला मोल नाही' अशी एक म्हण आपल्या मराठीत आहे. आवडीच्या गोष्टीसाठी माणूस पैशाकडे पाहत नाही, असा तिचा सरळ अर्थ. परंतु अलीकडे या म्हणीला नकळत एक दुसराच अर्थ चिकटू लागला आहे. ज्याला एखाद्या विषयाची आवड आहे त्याला तो विषय आपोआप येतो, त्यासाठी त्याला काही मोजावे लागत नाही, असा तो अर्थ! वर्गात एखादा मुलगा मागे पडला की तो म्हणतो, "सर, मला या विषयाची आवडच नाही." आणि ज्याला आवड असते तो चार दिवस मोठ्या उत्साहाने वही भरतो, पाचव्या दिवशी कठीण उदाहरण समोर आले की हात आखडता घेतो. आपली आवड खरी नसावी अशी त्याची समजूत होते. घरची वडील मंडळीही "पोर हुशार आहे, पण नशिबात नाही" असे म्हणून त्याला दुकानावर बसवितात, नाही तर परदेशी धाडण्याची खटपट सुरू करतात.

आवड असली म्हणजे कष्ट जाणवत नाहीत, आणि कष्ट जाणवले म्हणजे आवडच नव्हती, हा समज कितपत खरा आहे? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर उपदेशाच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे असे मला वाटते. म्हणून मी आपणांस सुमारे एक हजार वर्षे मागे नेऊ इच्छितो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ज्याचे नाव एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते, त्या अल्बेरूनीच्या चरित्राकडे आपण या दृष्टीने पाहू.

अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्बेरूनी याचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्म देशात, काथ या राजधानीच्या नगराच्या परिसरात झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. 'बेरून' म्हणजे बाहेर. नगराच्या बाहेरच्या वस्तीतला तो बेरूनी, अशी त्याच्या नावाची फोड सांगतात. त्याची मातृभाषा ख्वारिज्मी होती. त्या भाषेत शास्त्रांचे ग्रंथ नव्हते. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा त्याला शिकून घ्याव्या लागल्या आणि या दोन्ही भाषांत आपण परकेच आहोत, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले आहे. घरात एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि पुस्तकांत तिसरी, ही अडचण आपल्या मुलांना आज भेडसावते. ज्याने अरबी भाषेत शंभराहून अधिक ग्रंथ लिहिले त्या माणसाचीही सुरुवात याच अडचणीतून झाली होती, हे आपण ध्यानात ठेवावे.

लहानपणीच त्याला आकाशाचा आणि गणिताचा नाद लागला. अबू नस्र मन्सूर हा थोर गणिती त्याला गुरू म्हणून लाभला, हे त्याचे भाग्यच. सतरा वर्षांचा असताना त्याने माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथ नगराचे अक्षांश काढले. पुढे वीस-बावीस वर्षांच्या वयात त्याने पंधरा हात व्यासाचे एक मोठे कडे वेधांसाठी तयार केले. वर्षभर सूर्याचे वेध घ्यावयाचे असा त्याचा बेत होता. उन्हाळ्यातील अयनबिंदूचा वेध झाला आणि इ. स. ९९५ मध्ये देशात यादवी माजली. ज्या राजघराण्याचा त्याला आश्रय होता ते सत्तेवरून गेले. कडे, वह्या, बेत सारे मागे टाकून या तरुणाला जीव वाचविण्यासाठी पळावे लागले.

तो इराणातील रै या शहरी आला तेव्हा त्याच्या अंगावर दारिद्र्याची कळा होती. तेथील एका नामवंत ज्योतिष्याशी एका शास्त्रीय मुद्द्यावर त्याचा वाद झाला. त्या गृहस्थाने त्याचे म्हणणे ऐकून घेण्याऐवजी त्याच्या गरिबीकडे पाहून ते उडवून लावले. पुढे दिवस पालटले तेव्हा तोच गृहस्थ स्नेहाने वागू लागला! अल्बेरूनीने हा प्रसंग स्वतःच नोंदविला आहे. परंतु रै येथे त्याने मानापमान उगाळीत दिवस काढले नाहीत. त्याच शहरी अल्खुजंदी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सूर्याचे वेध घेण्यासाठी एक प्रचंड यंत्र उभारले होते. अल्बेरूनीने त्याची गाठ घेतली आणि त्या यंत्राची माहिती करून घेतली.

इ. स. ९९७ मध्ये चंद्रग्रहण होते. त्या वेळी तो पुन्हा काथला होता. चंद्रग्रहण पृथ्वीवर जेथून जेथून दिसते तेथून ते एकाच क्षणी दिसते. मात्र त्या क्षणी प्रत्येक गावची स्थानिक वेळ वेगळी असते, आणि या दोन वेळांतील फरकावरून दोन गावांमधील रेखांशांचा फरक काढता येतो. बगदादमध्ये अबुल वफा या ज्येष्ठ गणितज्ञाशी त्याने आधीच संधान बांधले होते. एकाने बगदादेत आणि दुसऱ्याने काथमध्ये त्याच ग्रहणाचा वेध घेतला. ना तार, ना टपाल! शेकडो कोसांवरच्या विद्वानाशी ठरवून असे काम करावयाचे म्हणजे केवढी चिकाटी लागली असेल, याची कल्पना करावी.

यानंतर तो जुर्जानच्या काबूस राजाच्या आश्रयास गेला. निरनिराळ्या लोकांच्या कालगणना, सण आणि संवत्सरे यांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला आणि तो या राजाला अर्पण केला, तेव्हा त्याचे वय तिशीच्या आत-बाहेर होते. पुढे ख्वारिज्मला परतून काही वर्षे त्याने तेथील शाहाच्या पदरी घालविली. पण इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि तेथील इतर विद्वानांबरोबर अल्बेरूनीलाही गझनीस नेले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. स्वतःच्या मर्जीने तो गझनीस गेला नव्हता आणि मर्जीप्रमाणे तेथून निघण्याची त्याला मुभा नव्हती.

येथे क्षणभर थांबू या. चव्वेचाळिसाव्या वर्षी घर, देश, साधने आणि स्वातंत्र्य गमावलेल्या माणसाने काय करावे? नशिबाला बोल लावीत बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १०१८ च्या ऑक्टोबरात, काबूलजवळच्या एका खेड्यात तो काय करीत होता पाहा. सूर्याची उंची मोजावयाची होती आणि जवळ एकही यंत्र नव्हते. तेव्हा त्याने हिशेबाची पाटी घेतली, तिच्या पाठीवर अंशांच्या खुणा करून एक कंस आखला, त्यावर ओळंबा सोडला आणि वेध घेतला. गवंड्याच्या हातातला ओळंबा आणि मुलाच्या हातातली पाटी, एवढ्यावर त्याची वेधशाळा उभी राहिली! प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान येत नाही असे म्हणणाऱ्या आम्हां शिक्षकांनीही हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पृथ्वीचा आकार मोजण्याची हौस त्याला फार पूर्वीपासून होती. खलिफा मामूनच्या काळात शास्त्रज्ञांनी सपाट वाळवंटात उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाची लांबी मोजली होती. जुर्जानकडील मैदानात तसाच प्रयत्न करण्याचे अल्बेरूनीच्या मनात होते, पण मदतीला माणसे मिळाली नाहीत आणि बेत राहून गेला. तो त्याने सोडून दिला नाही. अनेक वर्षांनी पंजाबात नंदना या किल्ल्याजवळ त्याला हवा तसा डोंगर सापडला. पुढे अफाट सपाट मैदान आणि त्याच्या कडेला उंच डोंगर. त्याने आधी दोन ठिकाणांहून कोन घेऊन डोंगराची उंची ठरविली. मग माथ्यावर चढून दूरचे क्षितिज डोळ्यांच्या समपातळीपेक्षा किती खाली दिसते तो कोन मोजला. तो सुमारे ३४ मिनिटे, म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा अधिक भरला. एवढ्याशा कोनावरून आणि डोंगराच्या उंचीवरून त्रिकोणमितीने त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचा 'हात' आजच्या मापाने नेमका किती धरावयाचा यावर विद्वानांत मतभेद आहेत, म्हणून त्याचे उत्तर किती अचूक याचे आकडे निरनिराळे सांगितले जातात. परंतु पद्धत निर्दोष होती, आणि वाळवंटात पायपीट केल्याशिवाय एका माणसाला एका डोंगरावरून पृथ्वी मोजता येते हे त्याने दाखवून दिले.

संस्कृतचा अभ्यास

आता त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कामाकडे वळू. गझनीच्या राज्याचा विस्तार हिंदुस्थानात होत होता, त्यामुळे अल्बेरूनीला पंजाबात जाण्याची संधी मिळाली. या देशात गणित आणि ज्योतिष यांची मोठी परंपरा आहे हे त्याला अरबी अनुवादांतून ठाऊक होते. परंतु अनुवादांवर आणि ऐकीव गोष्टींवर त्याचा भरवसा नव्हता. कानांनी ऐकलेले डोळ्यांनी पाहिलेल्याची बरोबरी करू शकत नाही, या विचारानेच त्याने आपल्या ग्रंथाची सुरुवात केली आहे. मुळाशी जावयाचे तर संस्कृत शिकणे भाग होते. पंचेचाळिशीच्या आसपास त्याने संस्कृतचा अभ्यास आरंभिला.

अडचणी त्यानेच सांगितल्या आहेत. ही भाषा अफाट आहे. एकाच वस्तूला अनेक नावे, आणि एकाच नावाचे अनेक अर्थ. कित्येक ध्वनी असे की ते अरबी किंवा फारसी बोलणाऱ्याच्या जिभेवर बसत नाहीत आणि अरबी लिपीत लिहिता येत नाहीत. पंडिताच्या तोंडून एखादा शब्द ऐकून तो मोठ्या काळजीने लिहून घ्यावा आणि नंतर त्याच पंडितापुढे वाचून दाखवावा, तर त्यालाच तो ओळखताना प्रयास पडावेत! लेखनिक निष्काळजी, त्यामुळे पोथीच्या एक-दोन नकला होताच मजकूर बिघडलेला. शास्त्रग्रंथसुद्धा पद्यात बांधलेले, म्हणून अर्थ आणखी दुर्बोध. पोथ्या जेथे मिळण्याचा संभव असेल तेथून त्या मिळविण्यासाठी त्याने कष्टांकडे पाहिले नाही आणि पैशांकडेही पाहिले नाही.

सर्वांत मोठी अडचण मनांची होती. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाच्या भरभराटीची धूळधाण केली, लोक देशोधडीला लागले आणि त्यामुळे त्यांच्या मनात आलेल्यांविषयी तीव्र तिटकारा उत्पन्न झाला; त्यांच्या विद्याही काश्मीर आणि काशीसारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेल्या, असे अल्बेरूनीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. गझनीच्या दरबाराच्या छायेत राहून असे लिहिणे सोपे नव्हते. ज्या दरबाराविषयी लोकांना तिटकारा होता त्याच दरबारातून आलेल्या माणसाला त्या लोकांकडून विद्या मिळवावयाची होती. ती हुकमाने मिळणारी नव्हती. पंडितांपुढे तो प्रथम शिष्य होऊन बसला. पुढे तो त्यांना गणिताच्या खऱ्या रीती समजावून सांगू लागला, तेव्हा ते आश्चर्याने त्याच्याभोवती जमू लागले आणि आमच्यापैकी कोणत्या गुरूपाशी हे शिकलास, असे विचारू लागले.

वाचकहो, मी ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला ती गोष्ट आता येते. आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात अल्बेरूनी अशा आशयाचे सांगतो की, या विषयाची मला अतिशय आवड आहे आणि या आवडीत माझ्या काळी मी एकटाच आहे, तरीसुद्धा या विषयात शिरकाव करून घेणे मला फार जड गेले. आवड असूनही जड गेले! त्या काळातील अव्वल बुद्धीचा माणूस, आवडीत ज्याला जोडीदार नाही असा माणूस, आपले काम सोपे होते असे म्हणत नाही. आवडीने कष्ट नाहीसे होत नाहीत. दर वेळी शब्द चुकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पंडितापुढे जाऊन बसण्याचे बळ तेवढे ती देते.

या कष्टांचे फळ काय? सांख्य आणि पातंजल योग या विषयांवरील ग्रंथ त्याने अरबीत आणले. वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांचा त्याने कसून अभ्यास केला. एवढेच नव्हे तर उलट दिशेनेही देणे चालू ठेवले. युक्लिडचे भूमितीशास्त्र आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ येथील पंडितांसाठी संस्कृतात उतरविण्याचे काम त्याने हाती घेतले होते. आणि इ. स. १०३० च्या सुमारास, सत्तावन्न वर्षांच्या वयात, त्याने हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. धर्मविचार, तत्त्वज्ञान, वाङ्मय, वजने-मापे, लिप्या, भूगोल, ज्योतिष, चालीरीती अशा विषयांची ऐंशी प्रकरणे त्यात आहेत. जे पटले नाही त्यावर त्याने कठोर टीकाही केली आहे. परंतु आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच ग्रंथांच्या आधारे मांडावे आणि मग आपले मत द्यावे, ही शिस्त त्याने पाळली.

या ग्रंथात आपल्या भागाचाही उल्लेख आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. धार नगरीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेची अंतरे देताना तो 'महरट्टदेश' नोंदवितो, आणि तेथून २५ फरसखांवर 'कुंकन' प्रांत आणि समुद्रकाठची त्याची राजधानी 'ताना' असल्याचे सांगतो. त्या काळी उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते आणि ठाणे ही त्यांची राजधानी होती, म्हणजे त्याची माहिती बरोबर होती. कोकणातल्या 'शरव' नावाच्या एका अजब प्राण्याचे वर्णनही त्याने दिले आहे. मात्र तो स्वतः कोकणात कधी आला नाही. ज्या ठिकाणांचे अक्षांश आपण स्वतः मोजले त्या गझनी, काबूल, पेशावर, नंदना, सियालकोट, मुलतान इत्यादींची यादी देऊन, यापलीकडे आपण गेलो नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगून टाकतो. त्याने दिलेले गझनीचे अक्षांश ३३ अंश ३५ मिनिटे आहेत. आजच्या मोजणीत आणि यात दोन-तीन मिनिटांचाच फरक पडतो. आपण स्वतः काय केले आणि दुसऱ्याकडून काय ऐकले, हे वेगळे ठेवणे हाही मेहनतीचाच एक भाग आहे. उत्तरपत्रिकेत मार्गदर्शकातील उत्तर उतरविणाऱ्या विद्यार्थ्याला हा भाग समजावून सांगणे आज फार अवघड झाले आहे.

अखेरपर्यंत विद्यार्थी

महमूदनंतर त्याचा मुलगा मसूद गादीवर आला. त्याच्या नावाने अल्बेरूनीने 'अल्कानून अल्मसूदी' हा खगोलशास्त्राचा महाग्रंथ लिहिला. सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीवर लादून रुपे पाठविले आणि अल्बेरूनीने ते परत केले, अशी आख्यायिका आहे. इ. स. १०३६ मध्ये त्याने आपल्या ग्रंथांची यादी केली तेव्हाच ती शंभराच्या वर गेली होती. वर्षातले दोन सणाचे दिवस सोडले तर त्याच्या हाताने लेखणी आणि डोळ्यांनी पुस्तक कधी सोडले नाही, असे एक जुना चरित्रकार सांगतो. दृष्टी आणि श्रवण मंदावल्यावरही एका तरुण सहकाऱ्याच्या मदतीने तो औषधी द्रव्यांवरील ग्रंथ रचीत होता, आणि त्यात एकेका वनस्पतीची अनेक भाषांतील नावे गोळा करीत होता.

इ. स. १०५० च्या सुमारास त्याचा अंत झाला. याकूत या चरित्रकाराने त्याच्या अंतकाळाची एक हकिकत दिली आहे. एक धर्मशास्त्री त्याच्या भेटीस आला असता, प्राण कंठाशी आलेल्या अल्बेरूनीने वारसाहक्काचा एक किचकट मुद्दा त्याला विचारला. पाहुण्याला दया आली. अशा अवस्थेत हे कशाला, असे तो म्हणाला. यावर, हा प्रश्न न समजता जगाचा निरोप घेण्यापेक्षा समजून घेतलेला बरा नव्हे काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. मग त्याने ते उत्तर ऐकले, पाठ म्हणून दाखविले, आणि पाहुणा रस्त्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच घरातून आक्रोश ऐकू आला. ही कथा अक्षरशः घडली की नाही हे बाजूला ठेवले, तरी लोकांनी त्याला कोणत्या गोष्टीसाठी स्मरणात ठेवले हे तिच्यावरून कळते.

वाचकहो, अल्बेरूनी आमचा होता असे सांगून छाती फुगविणे सोपे आहे. सभासंमेलनांत ते आपण नेहमी करतो. पण तो ज्या वाटेने गेला त्या वाटेवर आपली मुले आहेत काय, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. त्याने परक्या भाषेचा कंटाळा केला नाही. आपली मुले मराठीचे व्याकरण आणि इंग्रजीचे स्पेलिंग पाहून मागे सरतात, आणि आपणही "आपली भाषा नव्हे ती" असे म्हणून त्यांना पाठीशी घालतो. त्याने ज्यांच्याशी मतभेद होते त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसण्यात कमीपणा मानला नाही. आपण शेजाऱ्याच्या घरातील पुस्तक कोणते हेही जाणून घेत नाही. त्याने साधने नाहीत म्हणून काम थांबविले नाही. आपल्या मुलांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आज त्याच्या साऱ्या पोथ्यांहून मोठे ग्रंथालय मावते, आणि तरी अभ्यासाला साहित्य नाही ही तक्रार उरतेच.

यात सारा दोष मुलांना देणे अन्यायाचे होईल. अल्बेरूनीला सतराव्या वर्षी अबू नस्रसारखा गुरू मिळाला होता. काथच्या त्या मुलाच्या हाती वेळीच कोणी यंत्र आणि पुस्तक दिले नसते, तर त्याची हौस गावकुसाबाहेरच विरून गेली असती. ज्या मुलाला यंत्रांचा नाद आहे त्याला संध्याकाळी प्रयोगशाळेचे दार उघडे मिळावे, ज्या मुलीला पुढे शिकावयाचे आहे तिचे दहावीनंतर शिक्षण थांबविले जाऊ नये, आणि पहिल्या अपयशाबरोबर "तुला आवडच नाही" असा शिक्का कोणी मारू नये, एवढी जबाबदारी शिक्षक, पालक आणि संस्था या तिघांची आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. आवडीचा विषय कठीण वाटू लागला तर घाबरू नका, आणि आवड खोटी होती असेही मानू नका. तो कठीण भाग प्रत्येकाच्या वाट्याला येतो. अल्बेरूनीच्याही आला होता आणि त्याने तो लपविला नाही. न सुटलेले उदाहरण उद्या पुन्हा घेऊन बसा, चुकलेला शब्द पुन्हा विचारा, यंत्र नसेल तर पाटीच्या पाठीवर कंस आखा. हौसेचे मोल पैशांत होत नाही हे खरेच. ते असे रोज थोडे थोडे चुकवावे लागते.